आचारसंहितेची फाइल रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) घातली, पण तक्रार आल्यावर निर्णय कोणी द्यायचा?

अनिरुद्ध : देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) लायब्ररीचा मी मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा आहे. एका नव्या सदस्येने ‘काँट्रिब्युटर कव्हनंट’ ही अनेक प्रकल्प वापरतात ती तयार आचारसंहिता स्वीकारावी, असे सुचवणारी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवली आहे. कोडची पारख कोडवरूनच व्हावी, माणसांच्या वागण्याचे नियम लिहायला हे काही सरकारी कार्यालय नाही, असे आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे ठाम मत आहे. लिनक्स कर्नलने (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) हीच संहिता घेतली. तिथे तिचा प्रत्यक्षात काही उपयोग झाला का?

मृणाल : कर्नलमध्ये २०१५ सालीच ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा एक छोटा मजकूर आला होता. तुमच्या कोडवर कठोर टीका होणारच, मात्र कोणाला वैयक्तिक अपमान वा धमकी सहन करावी लागली, तर त्याने टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी बोर्डाकडे (तांत्रिक सल्लागार मंडळाकडे) जावे, एवढाच त्याचा आशय होता. कर्नलची चर्चा जिथे ईमेलवर चालते त्या मेलिंग लिस्टवरची भाषा त्याने फारशी सौम्य झाली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या ईमेलमधल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामापासून दूर राहण्याचे ठरवले आणि त्याच सुमारास ‘काँट्रिब्युटर कव्हनंट’वर आधारलेली संहिता कर्नलमध्ये दाखल झाली. माझ्या मते, नव्या मजकुरापेक्षा या माफीचा परिणाम मोठा होता, कारण सर्वांत वरच्या माणसाने नियम स्वतःला लागू करून घेतला.

श्रीरंग : मृणाल यांचे म्हणणे मान्य करूनही सांगतो, की ती संहिता घाईने आयती उचलली होती. परवानगीशिवाय दुसऱ्याचा ईमेल पत्ता प्रसिद्ध करणे हे तिच्यात गैरवर्तन ठरवलेले होते. आणि कर्नलच्या प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) तर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या ओळीत नाव आणि ईमेल उघड लिहावाच लागतो! शेवटी ‘प्रकल्प सामान्यतः जे पत्ते गोळा करत नाही ते’ अशा अर्थाची दुरुस्ती करावी लागली. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरचे उदाहरण याहून मासलेवाईक आहे. ग्राहक संहिता मागतात म्हणून त्यांनी संत बेनेडिक्टच्या मठाचे नियमच लावले. २०१८ मध्ये त्यावर गदारोळ झाल्यावर त्या नियमांना ‘कोड ऑफ एथिक्स’ असे नाव देऊन बाजूला ठेवले. निव्वळ मागणी पुरी करण्यासाठी लावलेला कागद असाच असतो.

वैदेही : श्रीरंग, कागदाबद्दलचा आपला आक्षेप योग्य आहे, पण त्यावरून संहिताच नको असे ठरत नाही. अंमलबजावणी पाहायची असेल तर नोव्हेंबर २०२४ चे प्रकरण पाहा. बीकॅशएफएस या कर्नलमधल्या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली साठवण्याच्या व्यवस्थेच्या) मेंटेनरने एका सहकाऱ्याला उद्देशून वापरलेल्या भाषेमुळे कर्नलच्या संहिता समितीने ६.१३ आवृत्तीच्या काळात त्याच्या पुल रिक्वेस्ट न स्वीकारण्याचा निर्णय दिला. शिक्षा फार झाली की कमी, यावर वाद झाला आणि तो होणे स्वाभाविकही होते, कारण त्याचा फटका ती फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनाही बसणार होता. परंतु निर्णय कोणी दिला, किती काळासाठी दिला आणि कशाबद्दल दिला, हे सर्वांसमोर होते. याउलट रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर २०२१ मध्ये संहिता राबवणाऱ्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला, कारण प्रकल्पाचे नेतृत्व करणारी कोअर टीम कोणालाच उत्तरदायी नाही असे त्यांचे म्हणणे होते. तिथे संहिता होतीच. वरच्या मंडळींवर ती लागू करण्याची सोय नव्हती.

अनिरुद्ध : आमच्याकडे तक्रारीचा ईमेल माझ्याकडेच येणार. मग माझ्याविरुद्धची तक्रार कोण पाहणार?

वैदेही : हीच अडचण पुल रिक्वेस्टवर लिहा. ज्यांनी ती पाठवली त्यांनाच विचारा, की तुमच्याशिवाय आणखी कोणाच्या हाती तक्रार देणे त्यांना सुरक्षित वाटेल. आणि अशी व्यक्ती होकार देईपर्यंत फाइल मर्ज करू नका, म्हणजे प्रकल्पात सामावून घेऊ नका.

श्रीरंग : या अटीवर माझी हरकत नाही. फक्त ईमेल पत्त्याचे कलम आधी तुमच्या गिट लॉगशी (बदल कोणी केले याच्या नोंदीशी) ताडून पाहा.