चर्चा: मॉनिटरवर किती पैसे घालावेत? १० हजार की ३० हजार?

अक्षरवेल
माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांचं पोट देवनागरी मजकूर वाचण्यावर चालतं, त्यांनी मॉनिटर स्वस्तातला घेऊ नये. संगणक जुना असला तरी चालेल.

कारण आहे ठिपक्यांची दाटी. २७ इंची पडदा फुल एचडी (१९२० × १०८० ठिपक्यांचा) असेल तर इंचाला साधारण ८२ पिक्सेल, म्हणजे ठिपके, पडतात. त्याच मापाचा फोर-के (३८४० × २१६०) घेतला तर १६३. रोमन अक्षरं ८२ मध्येही निभावतात. आपल्याकडे मात्र शिरोरेघेच्या वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मधे जोडाक्षर, सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. ‘शुद्ध’ आणि चुकून टाइप झालेलं ‘शुद्घ’ १२ पॉइंटात असल्या पडद्यावर वेगळं ओळखून दाखवा. ‘कु’ आणि ‘कृ’चीही तीच गत. मी पुस्तकांची प्रुफं वाचते. पडद्यावर निसटलेली चूक छापून येते, मग ती दुरुस्त करायला पुढची आवृत्ती निघावी लागते.

२४ इंची फुल एचडी साधारण ८ ते १० हजारांत येतो, २७ इंची फोर-के साधारण २५ हजारांपासून पुढे. चांगला मॉनिटर सात-आठ वर्षं सहज टिकतो. वरचे पैसे तेवढ्या वर्षांवर वाटून बघा आणि मग ठरवा.

हिशेबनीस
असहमत. ताई, तुम्ही तुलनेला सगळ्यात वाईट पर्याय घेतलात. २७ इंचात फुल एचडी घेऊच नये, हे मान्य. पण २४ इंचात तेच पिक्सेल इंचाला ९२ पडतात आणि रोजच्या कामाला ते पुरतात.

माझं करसल्ल्याचं ऑफिस आहे, चार टेबलं. टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल, एवढंच दिवसभर उघडं असतं. प्रत्येक टेबलामागे १५-१८ हजार जास्त घालायचे म्हणजे ६०-७२ हजार. तेवढ्यात प्रत्येकाला दुसरा २४ इंची देऊन वर पैसे उरतात. एकावर बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्यावर नोंदी, की काम झरझर होतं.

आणखी एक. जुन्या संगणकाला फोर-के जोडाल तर एचडीएमआय १.४ चं पोर्ट (मॉनिटरची वायर जोडायची जुनी खाच) ३० हर्ट्झवर अडतं, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतं. माऊस ओढल्यासारखा हलतो. ‘जुना संगणक चालेल’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा.

अक्षरवेल
पोर्टचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची खाच असल्याची खात्री करूनच फोर-के घ्यावा.

पण ९२ मला पुरत नाहीत, आणि मापाचाही प्रश्न आहे. ए-४ पानाची उंची २९.७ सेंटीमीटर. २४ इंची पडद्याची उंची जेमतेम तेवढीच, त्यात वरची मेनूपट्टी आणि खालचा टास्कबार जागा खातात. पान मूळ मापात पूर्ण दिसतच नाही. २७ इंचीची उंची ३३ सेंटीमीटरच्या वर असते, समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात बसतात. दोन मॉनिटरांच्या मधली चौकट इथे नेमकी आड येते.

रंगपेटी
दोघेही किमतीवर भांडताय. महाग मॉनिटर चांगलाच असतो असं नाही. खोक्यावर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ छापलेलं असतं, त्याचा मुख्य अर्थ पडदा क्षणभर ४०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो एवढाच. त्यात पडद्याचा काळोखा भाग वेगळा मंद करण्याची सोय असलीच पाहिजे असं बंधन नाही. त्या बिरुदासाठी पैसे मोजू नका.

मी मुखपृष्ठं करतो. मला रंगांची व्याप्ती, म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो ते, बघावी लागते. एनटीएससी आणि एसआरजीबी हे ती मोजायचे मापदंड. स्वस्त पॅनेलवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं तर छपाईचं काम करणाऱ्याने तिथूनच मागे फिरावं. पॅनेलला जो लाल दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेशन (रंग मोजून जुळवणं) करूनही आणता येत नाही. आणि ‘९९ टक्के एसआरजीबी’ असलेले आयपीएस प्रकारच्या पॅनेलचे मॉनिटर हल्ली १२-१५ हजारांतही मिळतात. तो मधला टप्पा या चर्चेत कुणी घेतलाच नाही.

घाटमाथा
मॅकवाल्यांसाठी: २०१८ च्या मॅकओएस मोहावी आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा सबपिक्सेल (ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा भाग) वापरून गुळगुळीत करणं बंद केलं. त्यामुळे कमी दाटीच्या मॉनिटरवर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा पुसट दिसतात. मॅक असेल तर अक्षरवेलताईंचं ऐका.

हिशेबनीस
रंगपेटी, १२-१५ हजारांचा टप्पा पटला. पण माझ्या मते त्या रकमेत रंगांआधी स्टँड बघावा. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागेपुढे कलतो, वर-खाली होत नाही. दिवसभर मान वाकवून बसणाऱ्याला त्याचा त्रास ठिपक्यांपेक्षा आधी होतो. मागे १०० मिलिमीटरची व्हेसाची (ठरलेल्या मापाची, स्क्रूची) भोकं असली तर मॉनिटर धरणारा वेगळा आर्म लावता येतो. काही स्वस्त मॉडेलांना ती नसतात, विचारून घ्या.

अक्षरवेल
स्टँडबद्दल पूर्ण सहमत. दाटीबद्दल नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या दुकानात जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर स्वतःची एक मराठी पीडीएफ न्या. दुकानातले झळाळते व्हिडिओ बंद करायला सांगा, ब्राइटनेस घरी ठेवता तेवढा उतरवा आणि तळटिपा वाचा. तळटिपेतले उकार न अडखळता वाचता आले, तर २४ इंची बिनधास्त घ्या.

हिशेबनीस
माझ्या कारकुनांना तळटिपा वाचायच्या नाहीत, ताई. ऑफिसात २४ इंचीच येणार, आयपीएस, उंची बदलणाऱ्या स्टँडसकट.