लोकरीचा बाहुला इतका जीव का लावतो?

प्रश्न : राजांगण_फोंडा

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरी मुक्कामाला असताना मी ‘अनरॅव्हल’ हा व्हिडिओ गेम पूर्ण केला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही. स्वीडनमधील कोल्डवुड इंटरॅक्टिव्ह या लहान स्टुडिओने केलेला हा खेळ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : एका वृद्ध बाईच्या टोपलीतून लोकरीचा गुंडा पडून जिन्यावरून घरंगळत जातो, त्यातून यार्नी नावाचा लाल बाहुला आकाराला येतो आणि घरात मांडलेल्या एकेका तसबिरीत शिरून तो त्या कुटुंबाच्या पुसट होत चाललेल्या आठवणी गोळा करतो. तो एक शब्दही बोलत नाही.

मी खेळत असताना आजी शेजारी आबोलीची फाती (फुलांची वेणी) करत बसलेली असायची. एका संध्याकाळी यार्नी फांदीच्या टोकाशी पोहोचून थांबला, पुढे सरकेना. अंगावरची लोकर इतकी उसवली होती की आतला सांगाडा दिसू लागला होता. कंट्रोलर जन्मात हाती न धरलेल्या आजीने केळीच्या सोपटाचा दोरा मांडीवर ठेवला आणि ती म्हणाली, “दोरा संपला रे त्याचा. मागे जा, कुठेतरी उगाच वेढा पडला असेल.” वेढा खरोखरच पडला होता. तो सोडवून पुन्हा त्या फांदीवर आलो, पलीकडे उडी साधली आणि काही कारण नसताना माझा गळा दाटून आला.

कथा साधी आहे, संवाद नाहीत, कोडीही फारशी अवघड नाहीत. तरीही कोडी सोडवत, उड्या मारत पुढे जाण्याचा हा खेळ इतका आत का शिरतो, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ : म्हापशाहून

आपल्या आजींनी उत्तर आधीच देऊन ठेवले आहे असे मला वाटते. या खेळात भावना आणि कोडे ही एकच वस्तू आहे. यार्नी ज्या लोकरीचा बनलेला आहे तीच लोकर त्याचे एकमेव साधनही आहे. तिचाच फास टाकून तो लोंबकळतो, दोन ठिकाणी गाठी मारून मधल्या धाग्यावरून वस्तू ढकलत नेतो किंवा त्याच धाग्यावर उसळी घेऊन वर जातो, आणि प्रत्येक पावलागणिक तो स्वतः थोडा थोडा कमी होत जातो. वाटेत लोकरीचा नवा साठा मिळाला की अंग पुन्हा भरते. खेळणाऱ्याला हे कोणी बोलून दाखवत नाही. धागा ताणला जाऊन पाऊल अडते तेव्हा ते हातालाच कळते. पुढे जायचे असेल तर मागे परतून गुंता सोडवला पाहिजे, हा नियम एखाद्या पात्राच्या तोंडी उपदेश म्हणून आला असता तर आपण कंटाळलो असतो. इथे आपण तो दहा वेळा स्वतः पाळतो, आणि म्हणून शेवटच्या बर्फाळ टप्प्यांत धागा संपत येतो तेव्हा मनात कालवाकालव होते. एकदा थांबून मागे वळून पाहा : आलेल्या सगळ्या वाटेवर लाल रेघ पसरलेली दिसते.

उत्तर २ : मांडवीकाठ

वरील विवेचन मला पटते, परंतु पूर्ण नाही. ‘अनरॅव्हल’मध्ये वृद्ध स्त्री, जुनी छायाचित्रे, रिकामे घर आणि व्हायोलिनचे सूर हे सगळे मदतीला आहेत, आणि माझ्या मते ही मदत काही ठिकाणी जरा जास्तच होते, आठवणींच्या अल्बममधील त्रोटक मजकूर तर मला कोरडा वाटला. आमच्याकडे अर्धी घरे वर्षभर कुलपात असतात आणि चतुर्थीला तेवढी उघडतात. त्यामुळे तसबिरींनी भरलेले शांत घर पडद्यावर दिसताच आपले मन निम्मे काम आपणहून करून टाकते. मात्र असा कोणताही आधार नसतानाही जीव लावता येतो, याचे उदाहरण म्हणजे माइक बिथेल यांचा २०१२ सालचा ‘थॉमस वॉज अलोन’ हा खेळ. त्यात पात्रे म्हणून फक्त रंगीत चौकोन आणि आयत आहेत : डोळे नाहीत, हातपाय नाहीत. क्लेअर हा मोठा निळा चौकोन; तिला नीट उडी मारता येत नाही, पण इतर जिथे बुडतात त्या पाण्यावर ती तरंगते, आणि एवढ्यावरून आपण महानायिका आहोत असा तिचा समज होतो. त्यानंतर इतरांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडताना मी तिला कुठे आपटू देत नसे, आणि असे मी का करतो हे मला सांगता आले नसते. निवेदक डॅनी वॉलेस यांना या कामासाठी २०१३ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता. माझे म्हणणे एवढेच की एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याने करायचे आणि सगळ्यांनी मिळून दारापर्यंत पोहोचायचे, या रचनेतून माया उत्पन्न होते. लोकर असो वा चौकोन, तो पुढचा प्रश्न.

उत्तर ३ : सत्तरीचा_वाटसरू

एक गोष्ट राहून गेली : करणाऱ्यांचा हात. यार्नीची पहिली बाहुली या खेळाचे दिग्दर्शक मार्टिन साहलिन यांनी कुटुंबासोबत रानात तंबू ठोकून राहिले असताना तार आणि लोकर वापरून स्वतः वळली होती. २०१५ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात ते ती बाहुली घेऊन मंचावर आले तेव्हा त्यांचे हात स्पष्टपणे थरथरत होते, आणि ते दृश्य पाहून कित्येकांना हा खेळ प्रथम जवळचा वाटला. स्टुडिओ उत्तर स्वीडनमधील उमेओचा. खेळातील शेवाळ, झुडपे, किनाऱ्यावरचे खेकडे आणि बर्फ हे सगळे त्यांच्याच परिसरातून आले आहे, म्हणून प्रत्येक पान ओळखीच्या माणसाने दाखवल्यासारखे दिसते. यार्नी इतका लहान आहे की डबकेदेखील त्याला तळे होते. पहिल्या पावसानंतर परसातल्या दगडावर चढलेले शेवाळ लहानपणी आपण जमिनीला गाल लावून पाहायचो, त्या उंचीवरून हा खेळ जग दाखवतो. मांडवीकाठ यांचा अल्बमवरील आक्षेप मला मान्य आहे. पण प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मिळणारे विणलेले छोटे चिन्ह यार्नी त्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर लावतो, त्या वेळी मजकुराची उणीव मला तरी जाणवली नाही.

राजांगण, आजींना यात इतका रस असेल तर २०१८ चा ‘अनरॅव्हल टू’ अवश्य घ्या. त्यात दोन यार्नी एकाच धाग्याने बांधलेले असतात आणि दोघांना शेजारी बसून खेळता येते. कठीण जागी दोन्ही बाहुले एकत्र होऊन एक होतात, त्यामुळे नवख्या माणसाला सांभाळून पलीकडे नेता येते.

राजांगण_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. म्हापशाहून आलेले उत्तर मी आजीला वाचून दाखवले. फाती करताना दोरा आधी ओला करून घ्यावा लागतो, नाहीतर मध्येच तुटतो. त्या बाहुल्याचा दोरा मात्र एकदाही कसा तुटला नाही, असे तिने विचारले. खेळात तो खरोखरच तुटत नाही, फक्त संपतो, हे माझ्या तोवर लक्षातच आले नव्हते. दुसरा भाग मागवला आहे. दुसरा कंट्रोलर तिच्या हाती देणार आहे.