जुन्या बियांची पाकिटं: कुणाला हवीत की टाकून देऊ?

नमस्कार मंडळी,
मे महिन्यातल्या बी-रोपांच्या देवाणघेवाणीसाठी कपाट आवरलं. २०२० ते २०२२ सालची पाकिटं निघाली: भेंडी, वांगी, दोडका, मेथी, कांदा आणि गुलाबी रंग लावलेला मका. कुणाला चालतील का?
– एक ताई, ट्रॉय (मिशिगन)

ताई,
कृपा करून सरसकट टाकू नका. पाकिटावरचं साल म्हणजे बी कुठल्या हंगामासाठी भरलं ते. त्यानंतर ते उगवतच नाही असं नाही. कांद्याचं मात्र वर्ष-दोन वर्षांत जातं, त्याची आशा सोडा. भेंडी दोन-तीन वर्षं तग धरते. वांगी, दोडका, काकडी कोरड्या, थंड जागी ठेवली असतील तर चार-पाच वर्षंही निघतात.

पण न तपासता कुणाला देऊ नका. दहा बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि उबेला ठेवा. टॉवेल ओलसर हवा, निथळता नको. मेथीला दोन-तीन दिवसांत मोड येतात, वांग्याला दोन आठवडे द्या. आठ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, पाच उगवल्या तर दुप्पट बी टाका. दोन-तीनच आल्या तर नाद सोडा. अशी रोपं जोमच धरत नाहीत, आणि मिशिगनच्या उन्हाळ्यात दुबार पेरणीला वेळ कुठला! मोड आलेल्या बिया अलगद कुंडीत लावा.

आपल्या ईस्ट लान्सिंगला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी, बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं ते पाहायला, १८७९ मध्ये बाटल्यांत बिया भरून पुरल्या होत्या. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही चक्क उगवल्या. ती तणं होती, भाजीचं बी इतकं टिकत नाही. तरी मला फार भारी वाटतं हे.
– एक काका, ईस्ट लान्सिंग

काकांना अनुमोदन. फक्त तो गुलाबी मका जपून हाताळा. तसा रंग बहुधा औषध लावलेल्या बियाण्याला असतो. तो खायचा नाही, पाखरांनाही घालायचा नाही. मेथी साधी, बिनऔषधाची असेल तर ट्रेमध्ये वाळू-मातीत दाट पेरा. मुंबईत समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात ना, तशी कोवळीच काढायची. लसूण घालून परतली की काय लागते! उरलेली रिकाम्या वाफ्यात फेका आणि फुलावर यायच्या आत मातीत गाडा, हिरवळीचं खत होईल.
– ॲन आर्बर

दोघांचे मनापासून आभार. वांगी घरात पेरायची वेळ झालीच आहे, म्हणून त्यांची तपासणी आजच लावते. देवाणघेवाणीला येताना प्रत्येक पाकिटावर दहापैकी किती उगवल्या ते लिहून आणेन. बाकीच्यांनीही तसंच आणावं, ही विनंती.
– ट्रॉय