किडनीतली सिस्ट: सुई, दुर्बीण की नुसतं लक्ष ठेवायचं?

रानवारा
काल एका पोस्टमध्ये वाचलं: ‘किडनीत सिस्ट निघाली की वेळ घालवू नका, दुर्बिणीतून काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझ्या आईला ७२व्या वर्षी पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली, त्यात डाव्या किडनीत साडेतीन सेंटिमीटरची सिस्ट दिसली. दुखत नव्हतं, लघवीची तक्रार नव्हती. तरी कुणीतरी ‘गाठ’ म्हणालं आणि आठ दिवस तिला घास गिळवेना. पन्नाशीनंतर अशी पाण्याची साधी गाठ कितीतरी जणांना असते. पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी, पडदे नाहीत, म्हणजे बोस्नियाक १, किडनीतल्या सिस्टच्या वर्गवारीतला सगळ्यात साधा प्रकार. मॉर्टन बोस्नियाक या अमेरिकी रेडिओलॉजिस्टनी १९८६ साली ही वर्गवारी मांडली ती याचसाठी, की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते कळावं. ३ आणि ४ मध्ये कॅन्सरची शंका खरी असते, पण तिथे दुर्बिणीतून नुसतं गाठीचं वरचं छप्पर कापून भागत नाही. साध्या गाठीला कॅन्सरची भीती घालून लोकांना टेबलावर झोपवू नका.

कोपरगावकर
आईंना दुखत नव्हतं म्हणून हे बोलणं सुचतंय. माझी ११ सेंटिमीटरची होती. एसटीत तासभर बसलो की बरगडीखाली कुणी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायचं, मग उभ्याने प्रवास. ‘लक्ष ठेवू’ ऐकत तीन वर्षं घालवली. सुईने पाणी काढलं, आठ महिन्यांत परत भरली. शेवटी दुर्बीण. तीन भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं.

रानवारा
अहो, त्रास असेल तर करू नका असं मी कुठे म्हटलंय? नीट वाचा तरी!

ओटीतली ताई
भांडू नका. १६ वर्षं युरोलॉजीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात किडनीवरची चरबी बाजूला केली की गाठीचं निळसर छप्पर दिसतं. सर्जन आधी पाणी ओढून रंग बघतात, मग छप्पर गोल कापून कडा जाळून घेतात. तळ किडनीच्या अंगात रुतलेला असतो, तो खरवडत नाहीत, रक्त थांबत नाही. कापलेलं छप्पर बायोप्सीला जातं. कोपरगावकर, तुमचं नुसतं पाणी काढलं की आत अल्कोहोल सोडलं होतं? अल्कोहोलने गाठीचं आतलं अस्तर मरतं; ते जिवंत राहिलं की पाझरतच राहतं, गाठ बहुतेक वेळा भरते. गाठीचा लघवीच्या मार्गाशी संबंध नाही हे आधी तपासून अल्कोहोल सोडतात, थोडा वेळ ठेवून परत ओढून घेतात. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

कोपरगावकर
नव्हतं सोडलं. कुणी बोललंही नाही.

हप्तेवाला
कोण बोलणार? सकाळी सुई, दुपारी घरी. २४ तास ॲडमिट नाही म्हणून विमा कंपनीकडून माझ्या मेव्हण्याचं बिल परत आलं. दुर्बिणीचं मात्र कॅशलेस झालं असतं. आणि बहिणीचं ऐका. जुन्या सोनोग्राफीत एका ओळीत ‘सिम्पल कॉर्टिकल सिस्ट’, म्हणजे किडनीतली साधी गाठ, असं लिहिलेलं, तिला पत्ताच नाही. पॉलिसीच्या तिसऱ्या वर्षी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. क्लेम फेटाळला, कारण सिस्ट लपवली! गर्भाशयाचा किडनीशी काय संबंध?

सातारी
फॉर्मवर सही तुमच्या बहिणीची ना? मग वाचायचं कुणी?

हप्तेवाला
फॉर्म एजंटने भरला. माझी बहीण सातवी शिकलेली आहे, इंग्रजी रिपोर्ट तिने कसा वाचायचा? दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मंगळसूत्र मोडायचं ठरवत होती ती. तुम्ही तिथे नव्हता.

सातारी
तसं असेल तर बोललो ते चुकलं. पण रिपोर्टातली प्रत्येक ओळ फॉर्ममध्ये लिहाच, हे सगळ्यांना सांगतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हे कारण देता येत नाही. २०२४ पर्यंत ती मुदत आठ वर्षं होती.

हप्तेवाला
पाच वर्षं आजारपण थांबतं का?

रानवारा
विम्याचं दुखणं खरंय, पण म्हणून सुईने भागणाऱ्या माणसाला भूल द्यायची? हे मला पटत नाही.

ओटीतली ताई
सगळ्यांचं सुईने भागत नाही, दादा. गाठ किडनीच्या मधोमध, किडनीत लघवी जमते त्या भागाला चिकटून असेल तर अल्कोहोल धोक्याचं. मोठी गाठ परत परत भरत असेल तर दुर्बीणच बरी.

रानवारा
बरं. मोठी, दुखणारी, पुन्हा भरणारी, तिथे दुर्बीण मान्य. आईच्या साडेतीन सेंटिमीटरला नाही.

कोपरगावकर
आईंना हात लावा असं मीही म्हणणार नाही. अल्कोहोलचं पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं, एवढं मानतो. पण ऑपरेशनचा पस्तावा नाही. परवा पुण्याहून घरापर्यंत सगळा रस्ता बसून आलो.