हजार स्ट्रीमची अट ही दर्जाची चाळणी नव्हे

स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर एखादं गाणं वर्षभरात किमान हजार वेळा ऐकलं गेलं (म्हणजे हजार स्ट्रीम झाले) तरच त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतात. या अटीमुळे कचरा आपोआप गाळला जाईल, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून लावलेली ही अट मागच्या १२ महिन्यांत गाणं किती वेळा वाजलं आणि किमान ठरावीक संख्येच्या वेगवेगळ्या श्रोत्यांनी ते ऐकलं का, एवढंच पाहते. बॉट (आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम) लावून हजारचा आकडा गाठायचा प्रयत्न होऊ शकतो; निगुतीने रेकॉर्ड केलेलं, पण मोजक्याच श्रोत्यांचं गाणं मात्र बाहेर राहतं. त्याच्या वाट्याचे पैसे पुन्हा पात्र गाण्यांमध्येच वाटले जातात, म्हणजे लहानांकडून मोठ्यांकडे. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. ही अट फक्त रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीला (वापराबद्दल मिळणाऱ्या मोबदल्याला) लागू आहे. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी असते आणि बहुतेक वितरकांच्या (कलाकारांची गाणी अशा सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या) साध्या पॅकेजमध्ये ती गोळा केली जात नाही. त्यासाठी कॉपीराइट संस्थेकडे स्वतंत्र नोंदणी लागते. स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्यांनी ती आधी करावी, कारण रेकॉर्डिंगचे पैसे अडले तरी हा हक्क शाबूत असतो. आणि वितरक बदलताना जुनाच आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक) द्या, नाहीतर आधीचे स्ट्रीम नव्या अपलोडला जोडले जाण्याची खात्री नसते.