मदत हवी आहे: मुलांना तोंडी गोष्ट सांगायला कसं शिकायचं? आणि आपल्या कोकणातल्या गोष्टी मिळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ला तालुक्यातली. आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगायचं काम मी घेतलंय, पहिली ते सातवीची पोरं येतात. पुस्तक हातात धरून वाचलं की मुलं ऐकतात, पण मला ते नकोय, मला पुस्तक खाली ठेवून त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचंय. तसं सांगायला लागलं की गोष्ट भराभर संपते, काय झालं ते सगळं सांगून होतं पण रंगत नाही. पाठ करून बघितलं तर मधलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच अडतं.

दुसरं म्हणजे गोष्टी इथल्याच हव्यात. पंचतंत्र, अकबर-बिरबल पोरांना यूट्यूबवरनं पाठ आहे. पण आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या एवढ्या मोठ्या कातडी चपला का वाहतात हे विचारलं तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात एवढंच दोघा-तिघांना माहीत होतं, आणि ते सांगताना त्यांचे चेहरे बघायला हवे होते! म्हणजे भूक आहे, वाढणारं कोणी नाही.

शेजारच्या आजींकडे गोष्टींचा खजिना आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. पण "आजी, गोष्ट सांगा ना" म्हटलं की "माका काय येणा नाय गो, तू शिकलेली, तूच सांग". मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं की एकदम सरळ बसतात, पदर नीट करतात आणि चार वाक्यांत आटपतात. आणि त्याच आजी मे महिन्यात मागच्या पडवीत आठळ्या सोलत बसल्या की आपणहून सांगतात, सासरे चूड पेटवून रात्रीचे बाजारातनं येत होते, वाट चुकले, आणि पुढे कोणीतरी काठी आपटत चालायला लागला. हे सांगताना त्यांचे हात चालूच असतात, एक आठळी सोलली, टोपलीत टाकली, दुसरी घेतली, आणि "सासऱ्यानी इचारल्यानी, कोण रे तू?" इथे हात थांबतो. बोलत नाहीत. मीच विचारते, मग? आणि मग परत सोलायला लागतात आणि देवचाराने, म्हणजे वाट दाखवणाऱ्या राखणदार भुताने, घरच्या बेड्यापर्यंत (कुंपणाच्या फाटकापर्यंत) कसं आणून सोडलं ते सांगतात. ते थांबणं मला शिकायचंय, कुठे थांबायचं हे त्यांना कसं कळतं?

तर प्रश्न असे आहेत. पाठ न करता गोष्ट डोक्यात कशी बसवायची? वयस्कर माणसांना बोलतं कसं करायचं, रेकॉर्डिंग न करता गोष्ट लक्षात कशी ठेवायची? देवचार, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी पहिली-दुसरीतल्या मुलांना सांगाव्यात का, कारण एका आईने सांगितलं की मुलगा रात्री एकटा मागच्या दारी जायला तयार नाही. आणि देवस्थानाच्या गोष्टी सांगायच्या तर आधी मानकऱ्यांना विचारावं का? कोणी करत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, तुमच्या दारातच शाळा आहे की. दशावतार बघा, पण प्रेक्षक म्हणून नाही, शिकायला म्हणून बघा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कधी प्रवेश करायचा आणि कुठल्या प्रसंगावर सोडायचं एवढं आपसात बोलून घेतात, बाकी संवाद रंगमंचावर उभं राहूनच होतात. तुम्हीपण तसंच करा, वाक्यं पाठ करू नका, प्रवेश पाठ करा. आधी कोण आला, त्याला काय हवं होतं, आडवं कोण आलं. पाठ फक्त पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मध्ये परत परत येणारं एखादं पालुपद, "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" सारखं, ते मुलांकडूनच म्हणून घ्यायचं, तेवढ्यात आपल्याला पुढचं आठवायला वेळ मिळतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की एकच आख्यान दोन वेगळ्या कंपन्यांचं बघा, गोष्ट तीच आणि बोलणं पार वेगळं.

आणि कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी तिथे म्युझियमपण केलंय. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर काढलेले असतात, त्यांच्या पोथ्या, एकेक चित्र पुढे धरायचं आणि त्याच्यावर गात-बोलत गोष्ट न्यायची. तुमच्या देवचाराच्या गोष्टीची अशी सहा-सात चित्रं मुलांकडूनच काढून घ्या, मग बघा विसरायला होतं का.

प्रतिसाद

मी अलिबागकडची. गोष्ट सांगा असं कधीच म्हणायचं नाही, जागा विचारायची. त्या वडाखालून रात्री का जात नव्हते, ह्या विहिरीला हे नाव का, तुमच्या लहानपणी होडी कुठे लागायची. आणि रिकाम्या हाताने समोर बसायचं नाही, त्यांच्याबरोबर निवडायला, सोलायला बसायचं. मोबाईल घरी ठेवा, परत आल्यावर लगेच स्वतःच्या तोंडाने सगळी गोष्ट मोबाईलला सांगून ठेवा, तीच तुमची पहिली प्रॅक्टिस. आणि त्यांची गोष्ट वाचनालयात सांगायच्या आधी त्यांना विचारा, कोणाकडून ऐकली तेही मुलांना सांगा.

थांबणं शिकायचं तर श्रावणातल्या कहाण्या मोठ्याने म्हणा. शुक्रवारची कहाणी घ्या, भाऊ गरीब बहिणीला पंगतीतून पहिल्या दिवशी बोलतो, दुसऱ्या दिवशी जास्त बोलतो, तिसऱ्या दिवशी हाताला धरून घालवून देतो. तीन पायऱ्या आहेत म्हणून चौथ्याला थांबता येतं. नंतर ती श्रीमंत झाल्यावर जेवायला बोलावतो तेव्हा ती दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ ठेवते, तिथे काही समजावून सांगायचं नाही, गप्प बसायचं. मुलांना बरोबर कळतं.

मोठ्या मुलांना खऱ्या गोष्टी सांगा. आमच्याकडे रामदास बोटीची आठवण अजून निघते, १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, मुंबईहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. पण सुरुवात बोटीपासून करू नका, घरी वाट बघणाऱ्या एका माणसापासून करा.

छापील हवं असेल तर एन्थोव्हेन यांचा कोकणच्या लोकसमजुतींचा इंग्रजी खंड आहे, १९१५ चा. त्यातली बरीचशी माहिती जॅक्सन यांनी जमवलेली, तेच नाशिकचे कलेक्टर ज्यांना १९०९ साली अनंत कान्हेरेंनी गोळी घातली. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं आहेत त्यात. भुतांची जंत्री भरपूर, गोष्टी मात्र सांगाड्यासारख्या, मांस तुमच्या आजींकडूनच आणावं लागेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रवेश पाठ करायचं लगेच पटलं, देवचाराच्या गोष्टीचे पाच प्रवेश लिहून काढलेत. भुतांचं मी असं ठरवतेय की लहानांना फक्त वाट दाखवणारा, राखण करणारा देवचार सांगायचा आणि गोष्ट घरी पोचल्यावरच संपवायची, वाटेत सोडायची नाही. मुंजा आणि हडळ पाचवीच्या पुढे. आजींना काल विचारलं, त्या म्हणाल्या सांग, पण सासऱ्यांचं नाव घेऊ नको.

वेतोबाच्या प्रश्नावर मात्र कोणी बोललं नाही. आरवली-शिरोड्याकडचं कोणी असेल तर प्लीज लिहा, देवळात कुणाशी बोलावं आणि मुलांना तिथेच नेऊन त्या चपलांसमोर बसवून गोष्ट सांगितली तर चालेल का?