ड्रुपल: तयार डिस्ट्रो की कोरा गाभा?

सुतारपक्षी
एका ग्रंथालयाची साइट ड्रुपलवर (साइट बांधायची आणि चालवायची प्रणाली) करायची आहे. सहकारी म्हणतो, तयार डिस्ट्रो टाक, निम्मं काम तिथंच झालं. मला पटत नाही. डिस्ट्रोत गाभा (मूळ ड्रुपल), वर कुणीतरी निवडलेल्या मॉड्यूल्सचा (जोडसुविधांचा) ढीग, त्यांची सेटिंग्ज, असं सगळं एकगठ्ठा येतं. पहिल्या दिवशी झकपक दिसतं, पण आपल्याला लागतात त्यातली मोजकीच. उरलेल्यांचे अपडेट जन्मभर कोण करणार?

आयतोबा
ग्रंथालयाचं बजेट बघितलंत का? कॉमर्स किकस्टार्ट या ऑनलाइन दुकानांसाठीच्या डिस्ट्रोत कॅटलॉग, कार्ट, चेकआउट आयतं मिळतं. बुर्डा या जर्मन प्रकाशन समूहानं बातम्यांच्या साइटसाठी थंडर हे डिस्ट्रो काढलं. ठेचा त्यांनी खाऊन झाल्यात, आपण पुन्हा कशाला खायच्या?

सुतारपक्षी
15 ऑक्टोबर 2014 आठवा. ड्रुपल 7 मध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून डेटाबेसमध्ये हुकूम घुसवता येण्याचं) भगदाड सापडलं. पुढं सुरक्षा पथकानंच सांगितलं, घोषणेपासून 7 तासांत दुरुस्तीचा पॅच लावला नसेल तर साइट फुटली असंच धरा. गाभा डिस्ट्रोत बांधलेला. डिस्ट्रोवाले नवी आवृत्ती काढेपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं?

आयतोबा
काहीही! तो पॅच एका ओळीचा होता. डेटाबेसच्या फाइलमध्ये अ‍ॅरे_व्हॅल्यूज हे फंक्शन घातलं की झालं. डिस्ट्रोवाल्यानं हातानं लावायला कुणाची मनाई होती?

रात्रपाळी
पॅच लावाल हो, बाहेर कसे पडाल? अ‍ॅक्वियानं लाइटनिंग या आपल्या डिस्ट्रोचा सपोर्ट नोव्हेंबर 2021 मध्ये थांबवला. मोठी कंपनी मागे आहे म्हणून डिस्ट्रो अमर होत नाही. त्यात इन्स्टॉल प्रोफाइल (डिस्ट्रो बसवणारा मूळ भाग) काढून टाकायची अधिकृत सोय आली ड्रुपल 10.3 मध्ये, म्हणजे 2024 साली! तोवर गळ्यात पडलेली प्रोफाइल सांभाळा. त्यापेक्षा रेसिपी (मॉड्यूल्स आणि सेटिंग्ज एकदाच बसवून देणारी यादी) बरी: एकदा लावली की कॉन्फिगरेशन तुमचं, मागे दोरी नाही. जानेवारी 2025 मध्ये आलेलं ड्रुपल सीएमएस त्यावरच बेतलंय.

आयतोबा
म्हणजे आयतंच की! फक्त दोरी कापलेलं.

सुतारपक्षी
चालेल, रेसिपी बघतो. पण एक सांगा, गाभ्यातल्या शोधात शब्दाची किमान लांबी मुळात 3 असते. ‘घर’, ‘मन’, ‘वन’ इंडेक्सच (शोधाच्या सूचीत नोंद) होत नाहीत. मराठी पुस्तकांच्या साइटवर हे कसं चालेल? तुमच्या कुठल्या तयार पॅकेजात तो आकडा 2 केलेला आहे?

रात्रपाळी
शोधाच्या सेटिंगमध्ये एक चौकट आहे, तिथं बदला आणि पुन्हा इंडेक्स करा. क्रॉन (ठरावीक वेळानं आपोआप चालणारं काम, इंडेक्स तेच करतं) चालू आहे ना, ते आधी बघा.